पिकअपच्या हौद्याला अस्तर कोणते लावावे?

आधी पाण्याची वाट पाहा, मग अस्तराचा भाव विचारा

कापडाच्या धंद्यात अस्तर ही वस्तू गिऱ्हाईक सर्वांत शेवटी मागते. सदरीचे कापड निवडण्यात अर्धा तास जातो. अस्तराची पाळी आली की "कोणतेही द्या" म्हणून मोकळे होतात. मग पहिल्याच धुण्यात अस्तर आटते, वरचे चांगले कापड ओढले जाते आणि सगळी सदरी वाया जाते. दोष कापडाचा नसतो, शिंप्याचाही नसतो. अस्तर कापडाला साजेसे नव्हते, इतकेच.

पिकअप गाडीच्या हौद्याचे हेच आहे. गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, सरासरी विचारतो, हप्ता ठरवतो. हौद्याच्या तळाला काय लावायचे हे मात्र ज्याच्या दुकानात ताडपत्री घेतली तोच ठरवतो. आम्हीही असेच केले आणि त्याची किंमत मोजली. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंना ती मोजावी लागू नये म्हणून हा मजकूर.

बीड जिल्ह्यात मालाची ने-आण मुख्यतः रस्त्यानेच होत आली आहे. परळीला रेल्वे जुनी आहे, आष्टीला ती २०२२ साली आली, पण बीड शहराला रेल्वेगाडी दिसायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे कापड असो की बागवानांची फळे, दुकानापासून आठवडी बाजारापर्यंतचा शेवटचा टप्पा छोटा हत्ती किंवा पिकअपच गाठते. गाडी आपलीच असली तर तिचा हौदा हे आपले चालते गोदाम असते. गोदामाच्या फरशीची आपण काळजी घेतो, मग या फरशीची का घेऊ नये?

आमचा तजुर्बा

आमचे दुकान बीड शहरात आहे. २०१४ साली आम्ही पिकअप घेतली. हौद्याचा पत्रा खराब होऊ नये म्हणून एका कारागिराकडून कारखान्यातला जुना कन्व्हेयरचा रबरी पट्टा तळाला चिकटवून घेतला आणि कडेने बोल्ट मारून घेतले. काम पक्के दिसत होते. पट्टा इतका घट्ट बसला होता की बोटसुद्धा खाली जात नव्हते. आम्ही खूश झालो.

बाजारचे दिवस सोडले तर गाडी भाड्याने जात असे. पुतण्या पेरणीच्या दिवसांत खताच्या गोण्या टाकी, हंगामात कांदा भरी, कधी बकऱ्याही नेई. संध्याकाळी पाइप लावून हौदा धुऊन काढी. वरून सगळे स्वच्छ दिसे.

२०१७ साली २६ जूनला ईद होती. ईदला आठ दिवस राहिले असताना आम्ही लठ्ठ्याच्या आणि पॉपलिनच्या गाठी भरून वडवणीमार्गे माजलगावला निघालो. वाटेत पाऊस लागला. वर ताडपत्री दुहेरी होती, दोर पक्के होते, त्यामुळे मनात काळजी नव्हती. माजलगावात गाठी उतरवल्या तेव्हा वरच्या दोन थरांना पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. सर्वांत खालचा थर मात्र तांबूस झाला होता. पांढऱ्या लठ्ठ्याच्या अकरा ताग्यांवर गंजाचे डाग पडले होते. पाणी वरून आलेच नव्हते. ते खालून आले होते.

घरी येऊन बोल्ट काढले आणि पट्टा सुरीने कापून उचलला. खाली पत्रा राहिलाच नव्हता म्हणा. पापुद्रे सुटत होते आणि चार ठिकाणी आरपार रस्ता दिसत होता. तीन वर्षांत जो जो थेंब पट्ट्याच्या कडेने आत गेला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. गाठींचे वजन पडले आणि गाडी हादरली की तेच गंजलेले पाणी कडेने वर येत होते.

यात विचार करण्यासारखी गोष्ट अशी की २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यात दुष्काळाची साले होती. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्याकडे असा समज आहे की गंज ही कोकणातल्या गाड्यांची बिमारी आहे, बीडसारख्या कोरड्या मुलखात तिची फिकीर नको. आमचा पत्रा दुष्काळातच सडला. तो पावसाने सडला नाही, आम्ही पत्रा वाचवण्यासाठी लावलेल्या अस्तराने सडवला.

त्या अकरा ताग्यांचे काय केले, तेही सांगतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला डाग दाखवून, भाव पाडून ते रजईच्या अस्तरासाठी विकले. काही बंधू असा डाग ब्लीचिंग पावडरने काढू पाहतात. तसे करू नये. क्लोरीनच्या ब्लीचने गंजाचा डाग उलट पक्का होतो. ऑक्झॅलिक ॲसिडने तो निघू शकतो, पण ते विषारी आहे. ते काम जाणकार धुलाईवाल्याकडेच द्यावे.

पत्रा का गंजतो?

लोखंडाला हवा आणि ओल एकत्र मिळाली की गंज चढतो. रंग शाबूत असेल तोवर ओल पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. एक ओरखडा पडला की तेथून सुरुवात होते. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त जागा घेतो. त्यामुळे तो शेजारचा रंग उचलतो आणि पुढे सरकत राहतो.

त्यात क्षार मिसळले की वेग वाढतो. शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतात ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भाऊबंद. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. बकऱ्यांच्या मुतात क्षार असतात. मासळीच्या बर्फाचे पाणी आणि फळांचा रस यांनीही पत्रा खराब होतो. गोणी फुटून सांडलेले चार दाणे अस्तराखाली गेले तर पाऊस नसतानाही तेथे ओल टिकते. म्हणून अस्तर निवडताना "हे किती टिकेल?" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा, की याच्या खाली गेलेले पाणी बाहेर कसे येईल?

एका बादलीची परीक्षा

अस्तर घेण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून रिकाम्या हौद्यात बादलीभर पाणी ओतावे. पाणी कोणत्या कोपऱ्यात जाते, कोठे साचते, कोणत्या भोकातून गळते ते पाहावे आणि खडूने खूण करावी. ज्या ठिकाणी पाणी थांबते तेथूनच पुढे पत्रा जाणार, हे समजून घ्यावे. अस्तर कोणतेही बसवा, या खुणांवर पाण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

नवे भोक पाडायचे झाल्यास आधी गाडीखाली वाकून पाहावे. तेथे डिझेलची टाकी, ब्रेकची नळी किंवा वायर असू शकते. भोकाची कापलेली कड प्रायमर व रंग लावल्याशिवाय सोडू नये. नाहीतर पाण्यासाठी केलेले भोकच गंजाचे घर होते.

अस्तराचे प्रकार

१) प्लायवुड किंवा लाकडी फळ्या: ही जुनी रीत आहे आणि कापड, किराणा, खोकी यांसाठी आजही चांगली. साधे प्लाय घेऊ नये, पाण्यात टिकणारे घ्यावे. मरीन प्लायवर भारतीय मानक ७१० चा शिक्का असतो, तो पाहावा. १२ मिलिमीटर जाडी पुरते. कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण प्लाय कडेनेच पाणी पिते. फळी थेट पत्र्यावर टाकू नये. खाली पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवावी आणि उचलता येईल असे दोन-तीन तुकडे करावेत.

२) चेकर्ड पत्रा: भंगार, ग्रिल, दगड, विटा, यंत्राचे सुटे भाग असा टोकदार व जड माल असेल तर यासारखे मजबूत काही नाही. पण दोष तीन. एक, वजन फार. दोन, ओला झाला की पाय घसरतो. तीन, वेल्डिंगच्या उष्णतेने खालच्या पत्र्याचा रंग जळतो आणि दोन पत्र्यांच्या फटीत पाणी बसते. वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवावा आणि खाली रबरी वॉशर घालावेत. वेल्डिंग करायचेच झाले तर बॅटरीचे टर्मिनल आधी काढावे. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग असतात, ते जळू शकतात. ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा हलका असतो, पण तो लोखंडाला चिकटून ओला राहिला तर ॲल्युमिनियमच झिजू लागते. तेव्हा मध्ये रबर हवेच.

जाडी गेजमध्ये सांगितली तर एक ध्यानात ठेवावे. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. १६ गेज सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर. मोठा आकडा ऐकून जाड माल समजू नये.

३) रबर: कन्व्हेयरचा पट्टा किंवा गोठ्यात जनावरांखाली घालतात ती रबरी मॅट. माल सरकत नाही, खडखडाट कमी होतो, पत्र्याला पोचे पडत नाहीत. दुधाचे कॅन, गॅस शेगड्या, फ्रीज, काचसामान यांसाठी उत्तम. बकऱ्यांचे पायही घसरत नाहीत. पण रबर चिकटवू नये, बोल्टने आवळू नये. सुटे अंथरावे आणि काढून धुवावे. खालच्या बाजूला खाचा किंवा गुंडे असलेली मॅट मिळाली तर तीच घ्यावी, म्हणजे पाण्याला वाट राहते. कापडवाल्यांनी आणखी एक सांभाळावे. काळ्या रबराचा डाग आणि वास पांढऱ्या मालाला लागतो. मध्ये जाड ताडपत्री टाकल्याशिवाय गाठ ठेवू नये.

४) प्लास्टिकचा तयार साचा: हौद्याच्या मापाचे एकसंध ताट असते, तसे वरून बसवतात. हलका आहे, स्वच्छ होतो, आम्ल व क्षारांनी बिघडत नाही. पण गुळगुळीत असल्याने खोकी सरकतात. दुसरे म्हणजे आपल्या रस्त्यांची धूळ. ती साच्याच्या खाली जाते, गाडी हादरते तशी रंगावर पॉलिश पेपरासारखी घासते, आणि रंग गेलेल्या जागी पाणी बसते. हा साचा घेतला तर वर्षातून दोनदा तरी पूर्ण उचलून खालचा पत्रा पाहावा.

५) फवारून बसवलेले अस्तर: पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर पत्र्यावर फवारतात. तो पत्र्याला एकजीव चिकटतो, मध्ये फट राहत नाही, म्हणून पाणी साचण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. नव्या गाडीला हा सर्वांत चांगला उपाय आहे. मात्र काम फवारणीचे नसून तयारीचे असते. जुना गंज कोऱ्या लोखंडापर्यंत घासून काढला, तेल-चिकट धुतले, प्रायमर दिला, तरच थर धरतो. गंजावरच फवारले तर वरून नवे दिसते आणि आत आमच्या पट्ट्याचीच कहाणी चालू राहते. पाण्याची भोके व बोल्टची तोंडे झाकून मगच फवारावे.

हे काम करणाऱ्या कारागीर बंधूंना एक कळकळीची सूचना. या रसायनांत आयसोसायनेट असते. त्याची वाफ फुप्फुसात गेल्यास दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही तो उसळतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून काही होत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर हे काम घेऊ नये. शेडमधल्या पोरांना तर त्या वेळी जवळही उभे करू नये. गाडीचा पत्रा बदलता येतो, फुप्फुसे बदलता येत नाहीत.

वजनाचा हिशेब

अस्तर जितके जड तितका माल कमी, हे सहसा लक्षात येत नाही. पन्नास चौरस फुटांचा तळ, म्हणजे साधारण नऊ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौदा धरला, तर अंदाज असा येतो. तीन मिलिमीटरचा लोखंडी चेकर्ड पत्रा ११० किलोच्या वर. दहा मिलिमीटर रबर ५५ किलोच्या आसपास. १२ मिलिमीटर प्लाय किंवा तीन मिलिमीटर ॲल्युमिनियम ३५ ते ४० किलो. प्लास्टिकचा साचा किंवा फवारलेला थर १५ किलोच्या आसपास.

पाऊण टन क्षमतेच्या छोट्या गाडीत सात फूट बाय पाच फूट तळाला लोखंडी चेकर्ड पत्रा टाकला तर ८० किलोच्या आसपास वजन आधीच चढते. दर फेरीला दहावा हिस्सा माल आपण घरीच ठेवल्यासारखे आहे. आणि तो माल तरीही भरला तर जादा वजनाचा गुन्हा होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा वजनाला २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. भंगारवाल्याला लोखंडी पत्र्याची गरजच आहे, त्याने तो हिशेब धरून लावावा. कापडवाल्याने शेजाऱ्याचे पाहून लावू नये.

आगीची एक गोष्ट

जनरेटरसाठी, पाण्याच्या पंपासाठी बाजारात पेट्रोलचा कॅन नेण्याची सवय पुष्कळांना आहे. १९९८ साली अमेरिकेतील कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने, नायॉशने, या बाबतीत सावधगिरीची सूचना काढली होती. पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर कॅन ठेवूनच त्यात पेट्रोल भरताना आगी लागल्या होत्या. कारण साधे आहे. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते. कॅन जमिनीवर असेल तर ती जमिनीत उतरते. प्लास्टिकवर असेल तर कॅनमध्येच साठते आणि एका ठिणगीसरशी भडका उडतो. म्हणून अस्तर कोणतेही असो, कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरावा. शक्य तर ते पेट्रोल मालाबरोबर नेऊच नये.

कारागिराला काय विचारावे?

भाव चौरस फुटाचा आहे की सरसकट, तळाचाच आहे की भिंती व फाळका धरून, हे आधी ठरवावे. जुना गंज काढणे आणि प्रायमर त्यात आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. अस्तर पुन्हा काढता येईल का, हे विचारावे. गाडी वॉरंटीत असेल तर भोक पाडण्यापूर्वी किंवा वेल्डिंगपूर्वी विक्रेत्याकडे चौकशी करावी. जुन्या गाडीच्या पत्र्यावर पेचकसाची मूठ वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आधी पत्रा बदलावा, मग अस्तराचे बोलावे.

निगा राखण्याचे काम फुकटचे आहे. खत किंवा बकऱ्या नेल्या की त्याच दिवशी हौदा धुवावा. पण धुऊन लगेच झाकू नये. फाळका उघडा टाकून उन्हात वाळू द्यावा. महिन्यातून एकदा सुटे अस्तर उचलावे, खालची माती झाडावी, पाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. ओरखडा दिसला तर घासून रेड ऑक्साइड व रंगाचा हात द्यावा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे चुकवू नये.

थोडक्यात

ज्याचा माल टोकदार व जड, त्याने लोखंड लावावे. ज्याचा माल फुटणारा किंवा जिवंत, त्याने सुटे रबर अंथरावे. ज्याचा माल ओला, आंबट किंवा खारा, म्हणजे बागवान, मासळीवाले आणि बालाघाटाच्या डोंगरातून सीताफळे आणणारे, त्यांना फवारलेले अस्तर किंवा नियमाने उचलला जाणारा प्लास्टिक साचा योग्य. ज्याचा माल डागाने मरतो, त्याने प्लाय आणि त्यावर ताडपत्री घालावी. आणि ज्याची गाडी आज कापड, उद्या खत अशी चालते, त्याने पत्र्याला चांगला प्रायमर व रंग देऊन त्यावर दोन वेगवेगळी सुटी अस्तरे ठेवावीत. खताचे अस्तर कापडाखाली जाता कामा नये.

आमच्या गाडीला त्या साली नवा तळ टाकून घ्यावा लागला. त्यावर आता प्लायचे तीन तुकडे आहेत, खाली हवेला बोटभर जागा आहे आणि दर महिन्याला पुतण्या ते उचलून भिंतीला उभे करतो. दिसायला हे काम त्या घट्ट पट्ट्याइतके पक्के वाटत नाही. पण तेव्हापासून एकाही ताग्याला खालून डाग लागलेला नाही. व्यापारात माल ही गिऱ्हाइकाची अमानत असते. वरची ताडपत्री सगळेच पाहतात, आपण खालचा थरही पाहावा.